गाडीची किल्ली

आबांच्या जीपच्या किल्ल्या हरवल्या. बाजारातून नवी घासून आणली. ती दाराला लागली. आबा निश्चिंत झाले. रात्री सुनेला कळा सुरू झाल्या. दार उघडलं, पण इंजिन चालू होईना! शेजाऱ्याच्या टेंपोतून सूनबाईला नेलं.

असं का झालं? नव्या गाड्यांच्या किल्लीच्या मुठीत बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते. मग ती आपला आकडा सांगते. आकडा जुळला तरच इंजिन चालतं. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी सोय सक्तीची आहे.

नवी किल्ली करताना गाडीचे कागद आणि उरलेली किल्ली न्या. नवीचा आकडा गाडीला शिकवावा लागतो. हरवलेलीचा पुसून घ्या. दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात ठेवू नका. आबांनी तेच केलं होतं.