ऐकू येणे आणि ऐकणे

शाळेच्या प्रयोगशाळेतील एक प्रसंग सांगतो. सौम्य सल्फ्युरिक आम्ल तयार करायचे होते. मी फळ्यापाशी उभा राहून चांगल्या खणखणीत आवाजात सांगितले, "आम्लात पाणी ओतायचे नाही. पाण्यात आम्ल थोडे थोडे सोडायचे आणि काचेच्या कांडीने ढवळत राहायचे." मग विचारले, "समजले का?" सारा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो सर!" पाच मिनिटांनी एका टेबलाशी पोचलो, तो एक चांगला हुशार मुलगा आम्लाच्या चंचुपात्रावर पाण्याचे भांडे तिरके करीत होता! मी त्याचा हात वरच्या वर धरला. संहत आम्लात पाणी पडले की इतकी उष्णता निर्माण होते, की ते पाणी जागच्या जागी उकळते आणि आम्लाचे शिंतोडे उडवते. आणि शिंतोडे उडतात तेथे वाकून पाहणाऱ्याचे डोळे असतात.

"सर, तुम्हीच म्हणालात ना, आम्लात पाणी..." तो चाचरत म्हणाला. म्हणालो होतो खरा! 'आम्लात पाणी' हे दोन्ही शब्द त्याच्या कानांनी अचूक टिपले होते. हरवला होता तो शेवटचा 'नाही'. यात निम्मी चूक माझी होती. जे करायचे नाही तेच मी आधी सांगितले, आणि वर 'समजले का?' असा प्रश्न विचारला, ज्याला 'हो' याखेरीज दुसरे उत्तर कोणी देत नाही.

ऐकू येणे हे कानाचे काम आहे. हवेतील कंपने कर्णपटलावर आदळतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे ती पुढे पोचवतात, अंतर्कर्णातील केसासारखे तंतू असलेल्या पेशी त्यांचे विद्युत्‌संदेशांत रूपांतर करतात. हे सारे तुम्ही पुस्तकात वाचलेच आहे. पण संदेश मेंदूपर्यंत पोचला म्हणजे 'ऐकले' असे होत नाही. पुढची निवड मेंदू करतो, आणि ती किती कडक असते हे कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1953 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसून आले.

चेरीने माणसाच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावली. उजव्या कानात एक उतारा, डाव्या कानात निराळाच. उजव्या कानातला उतारा ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचे, एवढेच काम. लोकांना ते चांगले जमले. मग त्यांना विचारले, दुसऱ्या कानात काय चालले होते? कोणी तरी बोलत होते, एवढेच बहुतेकांना सांगता आले. मध्येच पुरुषाच्या आवाजाऐवजी स्त्रीचा आवाज सुरू केला, तर ते लक्षात आले. पण इंग्रजी बदलून जर्मन भाषा सुरू केली, तरी पत्ता लागला नाही! आवाज पोचत होता, अर्थ नाही. 1959 साली नेव्हिल मोरे याने या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घालून पाहिले. तेव्हा मात्र साधारण तिघांपैकी एकाचे लक्ष वेधले गेले. वर्गात झोपाळलेला मुलगा स्वतःचे नाव उच्चारताच दचकून का उठतो, ते आता कळले ना? आणि तिघांपैकी दोघे का उठत नाहीत, तेही!

मेंदू गाळतो तसा तो भरही घालतो. 1970 साली रिचर्ड वॉरन याने ध्वनिमुद्रित केलेल्या एका इंग्रजी वाक्यातील एका शब्दाचा तुकडा कापून टाकला आणि तेथे खोकल्याचा आवाज बसवला. वीस जणांना ते ऐकवून विचारले, एखादा ध्वनी गळला आहे काय? एकोणीस जण म्हणाले, काहीही गळलेले नाही. उरलेल्या एकाने गळला असे सांगितले खरे, पण चुकीचा ध्वनी दाखवला. जो आवाज तेथे नव्हताच, तो या मंडळींनी 'ऐकला'. रोजच्या व्यवहारात ही मोठी सोय आहे. रेल्वेच्या फलाटावर, बाजारात, मिक्सर सुरू असलेल्या स्वयंपाकघरात आपण बोलू शकतो ते तिच्यामुळेच. पण गाळलेली जागा मेंदू कशाने भरतो? त्याची जी अपेक्षा असते तिने.

या अपेक्षेची किंमत किती असू शकते, हे 27 मार्च 1977 रोजी दिसले. कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ बेटावरील लोस रोदेओस विमानतळावर दाट धुके होते. एका डच जंबो विमानाला उड्डाण करायचे होते, आणि एक अमेरिकन जंबो विमान त्याच धावपट्टीवरून अजून हळूहळू चालत होते. नियंत्रण मनोऱ्याने डच वैमानिकांना उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी ती नव्हे. सहवैमानिकाने तो मार्ग परत वाचून दाखवला आणि शेवटी आपण आता उड्डाणावर आहोत, अशा अर्थाचे एक संदिग्ध वाक्य जोडले. मनोऱ्यातील माणसाला वाटले, विमान तयार होऊन उभे आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. मनोरा म्हणाला, "ओके", आणि क्षणभर थांबून पुढे, थांबा, मी तुम्हाला कळवीन. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकही रेडिओवर म्हणाला, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून डच विमानात एक कर्कश शिट्टीसारखा आवाज उमटला. स्पष्ट ऐकू आले ते फक्त "ओके".

उशीर झालेल्या, निघण्याची घाई झालेल्या माणसाला हाच शब्द हवा होता.

अजूनही वेळ गेली नव्हती. पुढच्या काही सेकंदांत मनोरा आणि अमेरिकन विमान यांच्यातले बोलणे डच विमानात ऐकू आले. धावपट्टी मोकळी झाली की कळवतो, असे ते होते. मागे बसलेल्या अभियंत्याच्या ते ध्यानात आले. त्याने विचारले, ते विमान अजून बाजूला झाले नाही का? मुख्य वैमानिक ठासून म्हणाला, झाले की! अतिशय अनुभवी आणि मानाचा वैमानिक तो. अभियंत्याने पुन्हा विचारले नाही. दोन्ही विमानांची टक्कर होऊन 583 माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकन विमानातील 61 जण तेवढे वाचले.

या अपघाताच्या चौकशीत कोणाचाही कान अधू निघाला नाही. पुढे जगभर रेडिओवरील बोलण्याचे नियम बदलले. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. सूचनेला नुसते 'ओके' न म्हणता तिचा महत्त्वाचा भाग परत म्हणून दाखवायचा. आणि दुय्यम माणसाने शंका काढली तर वरिष्ठाने ती ऐकायची, असे शिक्षण वैमानिकांना मिळू लागले. मला विचाराल तर यातले तिसरे सर्वांत कठीण आहे. पहिली दोन शब्दांची शिस्त आहे, तिसरीत मान आड येतो.

परत म्हणून दाखवण्याची पद्धत आपल्याकडे रेल्वेत फार जुनी आहे. एका स्थानकाच्या मास्तरांनी दुसऱ्या मास्तरांना फोनवर गाडी सोडण्याची संमती द्यायची वेळ येते, तेव्हा नुसते 'हो' चालत नाही. त्याबरोबर छापील यादीतला एक खास क्रमांक द्यावा लागतो, आणि पलीकडचे मास्तर तो वहीत टिपून घेतात. 'हो' ऐकल्याचा भास होऊ शकतो, 'सत्तेचाळीस' ऐकल्याचा सहसा होत नाही.

घरात किंवा कारखान्यात कोणी क्रमांक देणार नाही. पण "म्हणजे मी संध्याकाळी सहाला दुकानातून औषध आणायचे, आणि ते जेवणाआधी द्यायचे, बरोबर?" एवढे म्हणायला काय लागते? आम्लाच्या प्रसंगानंतर मी 'समजले का' हा प्रश्न सोडून दिला. आता एखाद्याला उभे करून विचारतो, "तू आता काय करणार ते क्रमाने सांग." तीन मिनिटे जास्त जातात.

हे झाले सूचनांचे. माणूस आपली अडचण सांगत असतो तेव्हा वेगळीच चूक होते, ती म्हणजे तोडण्याची. 1984 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डॉक्टर आणि रुग्ण यांच्या 74 भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या होत्या. रुग्ण तक्रार सांगू लागल्यावर सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच थांबवले होते. आपले म्हणणे पुरे करायला मिळाले ते फक्त 17 भेटींत. डॉक्टरांना हसू नका. धाकटा भाऊ शाळेतले भांडण सांगू लागला की तुम्ही कितव्या सेकंदाला "मग तूच काही तरी केले असशील" म्हणता, ते एकदा घड्याळ लावून पाहा.

करून पाहा

चेरीचा प्रयोग वर्गात करायला यंत्रे लागत नाहीत. एका विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवा. त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दोघे जण उभे करा. एकाच्या हाती इतिहासाचे पुस्तक, दुसऱ्याच्या हाती भूगोलाचे. दोघांनी एकाच वेळी, सारख्याच आवाजात, दोन मिनिटे वाचायचे. बसलेल्याने फक्त इतिहास मोठ्याने म्हणत जायचे. भूगोल वाचणाऱ्याने मध्येच एक वाक्य हिंदीत म्हणावे, आणि शेवटी शेवटी बसलेल्याचे नाव वाक्यात घालावे. मग बसलेल्याला विचारा: दुसऱ्या बाजूला काय ऐकले? आधी सांगून ठेवू नका, नाहीतर तो हिंदीची वाट पाहत बसेल आणि प्रयोग फसेल. निदान दहा जणांवर करा. वहीत तीन रकाने आखा: भाषा बदललेली कळली, नाव ऐकू आले, काहीच आठवले नाही. दुसऱ्या खेपेला वाचणाऱ्यांपैकी एक मुलगा आणि एक मुलगी घ्या आणि आकडे किती बदलतात ते पाहा. खिडक्या मात्र बंद ठेवा. आमच्या वर्गात पहिल्या वेळी बाहेरचा बर्फाचा गोळेवाला सर्वांनी बिनचूक ऐकला होता.