वाळलेला शेंडा

लातूरला आमच्या घरी एका उथळ कुंडीत चिंचेचे झाड आहे. त्याची उंची जेमतेम दोन वीत. वय मात्र पंचवीस वर्षांहून अधिक! मोठ्या वृक्षाचे रूप राखून त्याला कुंडीत लहान ठेवण्याच्या ह्या कलेस जपानी भाषेत 'बोन्साय' म्हणतात. तिचा उगम चीनमध्ये झाला व उत्कर्ष जपानात झाला.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याचे फार मोठे दुर्भिक्ष झाले. एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. माणसांनाच पाणी मोजून मिळे. तेथे चिंचेला कोठून मिळणार? भांडी विसळलेले ओंजळभर पाणी तिच्या वाट्यास येई. पाहता पाहता तिचा शेंडा वाळला, खोडाच्या एका बाजूची साल सुटली आणि आतील लाकूड उघडे पडले. "गेले हे झाड!" असे म्हणून मी कुंडी उचलली. तोच नात म्हणाली, "आजोबा, पाऊस पडेपर्यंत थांबू या ना!"

आम्ही थांबलो. पावसाळा लागला आणि खोडाच्या दुसऱ्या बाजूस एक हिरवा कोंभ दिसला.

मुलांनो, हे कसे घडले? मुळांनी शोषलेले पाणी खोडाच्या बाहेरील कोवळ्या लाकडातून वर चढते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून खाली उतरते. मधला टणक गाभा मृत असतो. तो केवळ आधार देतो. म्हणून मुळांपासून फांदीपर्यंत सालीचा एक पट्टा जरी अखंड राहिला, तरी त्याच्या बळावर झाड तगू शकते. साल सभोवार काढली, तर मात्र ते बहुधा मरते.

वाळलेला शेंडा कापून टाकावा, असे मला वाटले. परंतु जपानी कलावंत तो जपून ठेवतात. पर्वतावर वारा, बर्फ आणि वीज ह्यांचे तडाखे सोसलेल्या वृक्षांचे शेंडे असेच वाळून पांढरे पडतात. कुंडीतील झाडाच्या अशा फांदीस 'जिन' व साल गेलेल्या खोडास 'शारी' म्हणतात. ते लाकूड घासून स्वच्छ करतात आणि कुजू नये म्हणून त्यास चुना व गंधक ह्यांचे द्रावण लावतात. पांढऱ्या लाकडाशेजारी हिरवी पाने दिसली, की झाडाने काय सोसले हे न सांगता कळते. वडपिंपळाचे मऊ लाकूड आपल्या पावसात लवकर कुजते. चिंचेचा गाभा टणक असल्याने अधिक टिकतो. म्हणून आम्ही शेंडा राखला.

आता पाहुणे विचारतात, "हे वाळके लाकूड कशाला ठेवले?" नात उत्तर देते, "आमच्या गावाला आगगाडीने पाणी आले होते ना, त्या वर्षाची ती खूण आहे."