डम्बोचे खरे नाव



उन्हाळी शिबिरात मी एका मुलाला वाचन करायला सांगितले. तो मान खाली घालून म्हणाला, "फादर, मला नका सांगू. मी ढ आहे." मुले हसली. मला हसू आले नाही. गेल्या वर्षी थट्टेत त्याला 'ढ' म्हणणाऱ्यांत मीही होतो.

त्याच संध्याकाळी सभागृहात मुलांना 'डम्बो' हा कार्टूनपट दाखवला. डिस्ने कंपनीचा हा चित्रपट १९४१ सालचा, जेमतेम ६४ मिनिटांचा. सर्कशीतल्या एका हत्तिणीला पिल्लू मिळते. आई त्याचे नाव ठेवते 'जम्बो ज्युनिअर'. पण त्याचे भलेमोठे कान पाहून बाकीच्या हत्तिणी त्याला 'डम्बो' म्हणू लागतात. इंग्रजीत 'डम्ब' म्हणजे मुका किंवा मूर्ख. पिल्लाला छळणाऱ्या मुलावर आई चवताळते, तर तिलाच कोंडून पिंजऱ्यावर 'पिसाळलेली हत्तीण' अशी पाटी लावतात. तिच्या रागामागचे दुःख कुणी विचारीत नाही. पाटी लावली की विचारण्याचे काम संपते!

पुढे टिमोथी नावाचा उंदीर डम्बोला एक पीस देतो. हे 'जादूचे' पीस सोंडेत धरून डम्बो उडतो. ऐन खेळात पीस निसटते, आणि तरीही तो उडतो. जादू पिसात नव्हती, त्याच कानांत होती. कान लहान झाले नाहीत. त्यांच्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलली. यालाच मानसशास्त्रात स्वतःचा स्वीकार म्हणतात. पण तो एकट्याने होत नाही. आधी आईची माया होती, मग मित्राचा विश्वास.

मोठ्यांच्या मतांचे ओझे मुलांवर कसे पडते, याचा अभ्यास रोझेन्थल आणि जेकबसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतील एका शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले, की ही यंदा चमकतील. नावे खरे तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. तरी पहिली-दुसरीतील त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली. परिणाम नेमका किती, यावर पुढे तज्ज्ञांत वाद झाले. पण आपली अपेक्षा मुलांना कळते, हे कोणत्याही आईला ठाऊक आहे.

हे फक्त पडद्यावरचे नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचे नाव 'नकुशी' ठेवीत, म्हणजे नको असलेली. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. कागदावरचे नाव एका दिवसात बदलले. घरातल्या मोठ्यांच्या मनातून 'नकोशी' जायला मात्र किती दिवस लागले असतील?

म्हणून मुलाला 'स्वतःवर विश्वास ठेव' असे सांगण्याआधी, आपण लावलेली पाटी आपणच काढायला हवी. मी त्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याने चार ओळी वाचल्या, अडखळत, पण पूर्ण.

या आठवड्यात घरी विचार करू या:
१. आपल्या घरात 'ढ', 'काळी', 'आळशी' अशी हाक कुणाला मारली जाते?
२. लहानपणी आपल्याला कोणती पाटी लागली होती? ती अजून आहे का?
३. आज कुणाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची आहे?

आपला,
धर्मगुरू