हायड्रोजन मोजू नका, प्लस शोधा

अल्कीनवर एचबीआर आला की पोरं लगेच बोटं मोडून हायड्रोजन मोजायला बसतात. ज्या कार्बनकडे हायड्रोजन जास्त, त्याच्याच पदरात आणखी एक. मार्कोव्हनिकॉव्हने १८७० च्या सुमारास हे मांडलं, तेव्हा कार्बोकॅटायनचा पत्ताही नव्हता. त्या बिचाऱ्याकडे फक्त निरीक्षणं होती. तुमच्याकडे कारण आहे, मग नियम घोकता कशाला?

प्रोटॉन एका कार्बनला चिकटला की दुसऱ्यावर प्लस उरतो. तो कुठे जास्त सुखात राहील, एवढंच विचारा. प्रोपीन घ्या. प्रोटॉन टोकाला गेला तर प्लस मधल्या कार्बनवर, आणि दोन्ही बाजूंच्या मिथाइलचे मिळून सहा सी-एच बंध त्याला इलेक्ट्रॉनचा टेकू देतात. उलट झालं तर प्लस टोकाला आणि टेकू दोनच बंधांचा. म्हणून २-ब्रोमोप्रोपेन.

खरी फसगत पुढे आहे. ३-मिथाइलब्यूट-१-ईनवर एचसीएल टाका. प्रोटॉन टोकाला, प्लस दुसऱ्या कार्बनवर, क्लोराइड तिथेच बसवला आणि पेन ठेवलं, असं करू नका. शेजारचा तिसरा कार्बन बघा: त्याच्यावर एक हायड्रोजन आहे. तो आपली इलेक्ट्रॉनजोडी घेऊन दुसऱ्यावर सरकतो आणि प्लस तिसऱ्यावर जातो. सेकंडरीचा टर्शरी झाला. मिश्रणात २-क्लोरो-३-मिथाइलब्यूटेन सापडतंच, पण २-क्लोरो-२-मिथाइलब्यूटेनही चांगलं भरपूर सापडतं. शेजाऱ्याकडे हायड्रोजन नसेल, ३,३-डायमिथाइलब्यूट-१-ईनसारखं, तर अख्खा मिथाइल सरकतो. प्लस दिसला की शेजारी डोकावायची सवयच लावून घ्या. निम्मे मार्क इथेच जातात.

व्हिनाइल क्लोराइड दिलं की हुशार पोरंही चाचरतात. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो, मग प्लस त्याच्यापासून लांब हवा ना? नको. क्लोरीनकडे मोकळी जोडी आहे, ती शेजारच्या प्लसला सावरते; एचसीएल घातला की १,१-डायक्लोरोइथेन मिळतं. क्लोरीनच्या जागी सीएफ३ असेल तर मात्र द्यायला जोडीच नाही, नुसती ओढाताण. तिथे प्लस टोकाला पळतो आणि घोकलेला नियम तोंडावर आपटतो.

पेरॉक्साइड लिहिलेलं दिसलं की उत्तर उलटं, हे क्लासमध्ये सगळेच सांगतात. अर्धवट सांगतात. खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये हे एचबीआरसाठी दाखवलं, आणि ते एचबीआरपुरतंच धरा. एचसीएल किंवा एचआयला पेरॉक्साइड दाखवून पेपर काढणारे तुम्हाला चकवायलाच बसलेले असतात. एचबीआरमध्ये तिथे प्लस येतच नाही, रॅडिकल येतो. ब्रोमीन आधी टोकाला बसतो आणि हायड्रोजन मागाहून.

पाणी घालायचं असेल आणि सरकासरकी नको असेल तर ऑक्सिमर्क्युरेशन; ओएच टोकाला हवा असेल तर ब्राऊनचं हायड्रोबोरेशन. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

एक मात्र ऐका. उत्तरपत्रिकेत नुसतं प्रॉडक्ट लिहू नका. मधला कार्बोकॅटायन काढा, सरकला असेल तर बाणासकट काढा. प्रॉडक्ट चुकलं तरी तेवढ्याचे मार्क तपासणारा सहसा देतो.