धृति : काय धरावे, काय सोडावे

संतसज्जनहो, संकट आले की आपण एकमेकांस सांगतो, "धीर धरा." पण धरावयाचे काय, हे कोणी सांगत नाही. गीतेत या धीराला 'धृति' म्हटले आहे. 'धृ' म्हणजे धारण करणे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी तिचे तीन प्रकार केले. मन, प्राण, इंद्रिये यांच्या क्रिया योगाने आवरते ती सात्त्विक. फळाच्या आशेने धर्म, अर्थ, काम यांना बिलगते ती राजस. आणि झोप, भय, शोक, विषाद, मद यांना सोडीतच नाही ती तामस. पाहा बरे! शोकाला कवटाळून बसणे ही देखील धृतीच, पण तामस. धरण्याचे बळ तेच, धरलेली वस्तू निराळी.

तुकोबारायांचे चरित्र पाहा. इ. स. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. थोरली पत्नी अन्नाविना गेली, व्यापार बुडाला. महाराजांनी तेव्हा काय धरले? पडके देऊळ दुरुस्त करावयास घेतले. एकादशीला कीर्तन आरंभले आणि आधी पूर्वसंतांची वचने पाठ केली. आणि सोडले काय? वडिलार्जित सावकारीची कर्जखते! निम्मी बंधू कान्होबांना देऊन आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला, असे चरित्रकार सांगतात. त्या पाठांतराचे फळ आज साडेतीनशेहून अधिक वर्षे आपण खात आहोत. याला म्हणतात दूरदृष्टी.

आता आपल्या चांदीपच्या खाचरात या. दिवाळीच्या तोंडावर अवेळी पाऊस येतो, कापलेले भात भिजते, दाण्याला कोंब फुटतात. अशा वेळी ओटीवर बसून दैवाला बोल लावणे ही तामस धृति. एका वर्षात सगळे भरून काढू म्हणून भारी व्याजाने पैसे काढणे ही राजस. आणि सात्त्विक कोणती? पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे जावे. हक्काचे मागण्यात कमीपणा नाही. भिजल्यातून चांगले निवडून बियाणे वेगळे ठेवावे आणि पोटाला चिमटा बसला तरी त्याला हात लावू नये. उन्हाळ्यात राब भाजावा. राब भाजताना आभाळात ढगही नसतो. पण पाऊस आल्यावर भाजू म्हणणाऱ्याचे रोप होत नाही.

नामाचेही तसेच आहे, बाबांनो. सुखात केलेले नामस्मरण हा राब आहे. संकटात रोप त्यातूनच मिळते. म्हणून धीर धरा, पण हातात काय धरले आहे तेवढे रोज पाहा.

रामकृष्ण हरि.