शहराच्या उजेडात दुर्बीण

प्रश्न : चेन्नईतल्या गच्चीवरून दीर्घिका दिसत नाहीत. मोठी दुर्बीण घ्यावी का?

उत्तर : एवढ्यासाठी घेऊ नका. मोठी दुर्बीण दीर्घिकेचा प्रकाश जास्त गोळा करते, तसाच उजळलेल्या आकाशाचाही. दोन्हींचे प्रमाण बदलत नाही. बिंदुरूप तारा मात्र त्या उजेडातही उठून दिसतो. खगोलशास्त्रज्ञ पॉगसन यांनी १८६१मध्ये मद्रास वेधशाळेतून ‘एशिया’ हा लघुग्रह शोधला हे खरे, पण तेव्हा शहरात विजेचे दिवे नव्हते. म्हणून गच्चीवरून चंद्र, ग्रह आणि जोडतारे पाहा. चेन्नई १३ अंश उत्तरेला असल्याने नरतुरंगातला मित्र तारा क्षितिजापासून १६ अंश वर येतो. पुण्यात जेमतेम ११. मे-जूनच्या रात्री लहान दुर्बिणीतूनही त्याचे दोन तारे वेगळे दिसतात. मंद दीर्घिकांसाठी दुर्बिणीवर खर्च करण्यापेक्षा अंधाऱ्या गावाचे तिकीट काढा.