फी आधी भर, मग कॅशचं बोलू

चि. ओंकार,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग रडायलाच लागली. तू म्हणे पुढच्या सत्राच्या फीचे पैसे प्रोसेसरला लावणार आहेस, आणि फी ‘नंतर बघू’ म्हणालास. तिला हे तुझ्याकडून नाही, मंदाच्या मुलाकडून कळलं, म्हणजे त्यात तिखटमीठ किती, देव जाणे. खोटं असेल तर पत्र फाडून टाक. खरं असेल तर नीट बसून वाच. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ करून सुटला असतास, म्हणून लिहायला घेतलं.

तुला हवा आहे तो रायझनचा ९८००एक्सथ्रीडी. का, तर त्यात ९६ एमबी एल-थ्री कॅश आहे आणि मित्र म्हणाला, कॅश मोठी असली की गेमही पळतात नि डिझाइनचं कामही. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्या अर्ध्यापायी तू फी अडकवतो आहेस.

अण्णांच्या छापखान्यात कंपोझिटर केसपुढे कसे उभे राहायचे, ते बाबाने तुला सांगितलंच असेल. सारखे लागणारे खिळे हाताशी, क्वचित लागणारी जोडाक्षरं बाजूच्या केसमध्ये, आणि खिळे संपलेच तर मागच्या खोलीत जायचं. मागच्या खोलीत गेलेला माणूस चहा पिऊनच परतायचा. कॅशचंही तसंच. एल-वनमधली, म्हणजे सगळ्यात हाताशी असलेल्या कॅशमधली माहिती प्रोसेसरला साधारण एका नॅनोसेकंदात मिळते. रॅमपर्यंत जावं लागलं तर सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद जातात. पाच गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्यात साडेतीनशेच्या वर ठोके फुकट. गेममध्ये दर फ्रेमला कोण कुठे आहे, कोणाची गोळी कुठे निघाली, अशी दहा ठिकाणची माहिती उचलावी लागते आणि पुढचं काय लागेल याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून तिथे मोठी कॅश खरंच कामाला येते.

एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने ५८००एक्सथ्रीडी काढला, तेव्हा मूळ ३२ एमबीवर आणखी ६४ एमबीचा थर चढवला होता. त्यापायी कमाल क्लॉक ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आणावा लागला. तरी बऱ्याच गेममध्ये तो साध्या ५८००एक्सच्या पुढे निघाला. आणि ब्लेंडरच्या रेंडरला? तिथे किंचित मागेच राहिला. तुझ्या ९८००एक्सथ्रीडीत तो थर कोअरच्या खाली गेला आहे, क्लॉक ५.२ पर्यंत जातो, त्यामुळे ती तक्रार बरीचशी मिटली. पण कोअर आठच आहेत रे. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ४७९ डॉलर होती. ४९९ ला बारा कोअरचा ९९००एक्स होता. रेंडरला कोअर लागतात, आणि ग्राफिक्स कार्डावर रेंडर करणार असशील तर तेही फारसे नाहीत. फोटोशॉपचा जीव रॅममध्ये. रॅम भरली की ते स्क्रॅच डिस्कवर जातं, आणि तिथे ९६ एमबी कॅश काय करणार?

दुकानात एक लक्षात ठेव. ९९००एक्सवर ६४ एमबी लिहिलेलं दिसेल. ते सहा-सहा कोअरच्या दोन चिपांत बत्तीस-बत्तीस वाटलेलं असतं. ९८००एक्सथ्रीडीच्या एल-टू आणि एल-थ्री यांची बेरीज करून १०४ सांगणाराही भेटेल. मान डोलव आणि पुढे जा.

कॅशला मी थाप म्हणत नाही. १९९८ च्या एप्रिलात इंटेलने पहिला सेलेरॉन काढला, त्यात एल-टू कॅशच नव्हती. लोकांनी इतकी नावं ठेवली, की ऑगस्टमध्ये १२८ केबी घालून ३००ए आला. जुने असेंबलवाले अजून त्याचं नाव काढतात. पण तुझ्या खोलीतला मॉनिटर बाबाच्या ऑफिसातून आलेला, ६० हर्ट्झचा. प्रोसेसरने सेकंदाला दोनशे फ्रेम काढल्या तरी त्यावर ताजं चित्र साठदाच येणार. हाताला जरा हलकं वाटेल, बस्स. तेवढ्यासाठी फी?

मला फीची एवढी धास्ती का, हे तुला माहीत आहे. नसेल तर बाबाला विचार. अप्लाइड आर्टला माझं नाव लागलं होतं. त्याच वर्षी ऑफसेट मशीन घेतलं आणि अण्णा म्हणाले, एक वर्ष थांब. मी थांबले. मशीनने घर चालवलं, खोटं कशाला बोलू. आणि पुढे कोरलमध्ये लग्नपत्रिका जुळवून माझंही बरं चाललं. पण ड्रॉइंग बोर्ड काखेत मारून बस पकडणारी मुलगी दिसली की अजून आत काहीतरी हलतं. अण्णांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही, एवढंच सलतं. म्हणून तुझं ‘नंतर बघू’ ऐकून मला रात्री झोप आली नाही.

रागावले, समजून घे. गेल्या गणपतीत तू केलेलं मखराचं थ्रीडी चित्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवते. तुझ्या त्या लॅपटॉपवर एक चित्र उतरायला रात्र जायची आणि तू दात घासायच्या आधी स्क्रीन बघायला धावायचास, हे मी विसरलेले नाही. नवं मशीन तुला हवंच आहे. सध्या ९७००एक्स घे. तोही आठ कोअरचा, आणि निघाला तेव्हा ३५९ डॉलरचा. एएम-फाइव्हचा बोर्ड असला की कमावायला लागल्यावर त्याच बोर्डावर एक्सथ्रीडी बसेल. २०२७ पर्यंत तरी हा सॉकेट चालवू, असं कंपनीने सांगितलं आहे. वाचलेले पैसे ३२ जीबी रॅमला आणि जरा बऱ्या कार्डाला लाव. तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

आई म्हणाली, तू वाळला आहेस आणि एका वेळची मेस बंद केली आहेस. ते मात्र आजच्या आज पुन्हा चालू कर. फी भरलीस की पावतीचा फोटो तिला पाठव. रॅमचे पैसे मी देते. बाबाला सांगू नकोस, तो मला ओरडेल.

तुझी,
आत्या